हायब्रीड मोटारींची वाढती लोकप्रियता आणि त्यांच्या मूल्याविषयीचा वाद : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन शक्तिस्रोतांवर चालणारी हायब्रीड अर्थात संकरित मोटार १९९७ मध्ये जपानच्या बाजारपेठेत प्रथम मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली. त्यानंतर तिचा प्रसार सातत्याने होत गेला. परंतु तिच्यासाठी मोजावी लागणारी जादा किंमत, मायलेजविषयीचे दावे आणि पर्यावरणास होणारा लाभ यांविषयीचे वाद मिटलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या वादांची कारणमीमांसा केली असून, हायब्रीड मोटारीचे मूल्य तिच्या रचनेपेक्षाही ती किती, कोठे आणि कोणत्या वाहनाच्या जागी वापरली जाते यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : हायब्रीड मोटार, इंधन कार्यक्षमता, परतफेड कालावधी, कार्बन उत्सर्जन, सार्वजनिक धोरण

१. प्रस्तावना

विसावे शतक हे पेट्रोल आणि डिझेल इंजिनाचे शतक होते. या इंजिनाने मानवी जीवनाला गती दिली. त्याचबरोबर खनिज तेलावरील परावलंबन, शहरांतील हवेचे प्रदूषण आणि हवामान बदल हे प्रश्नही जन्माला घातले. भारतासारख्या देशाच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट अर्थव्यवस्थेशी निगडित आहे, कारण देशाच्या खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. या पार्श्वभूमीवर कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या हायब्रीड मोटारीकडे जगाचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक होते.

तथापि या मोटारीविषयीची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. एका मते ती पर्यावरणाच्या प्रश्नावरील उत्तर आहे, तर दुसऱ्या मते ती श्रीमंतांची हौस आहे. वस्तुतः या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले दिसतात. पहिला प्रश्न ग्राहकाच्या खिशाचा, दुसरा पर्यावरणाचा आणि तिसरा सरकारी तिजोरीचा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरल्यामुळे वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम हायब्रीड मोटारीची कार्यपद्धती व इतिहास पाहून नंतर या तीन प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

२. हायब्रीड मोटारीची कार्यपद्धती

पेट्रोल मोटारीत जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी एक-चतुर्थांशाच्या आसपासचीच ऊर्जा प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोहोचते. उर्वरित ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. शहरातील वाहतुकीत हा अपव्यय आणखी वाढतो. सिग्नलला थांबलेल्या मोटारीचे इंजिन चालूच असते. संथ गतीत इंजिन आपल्या क्षमतेपेक्षा कितीतरी कमी भारावर आणि म्हणून अकार्यक्षमतेने चालते. आणि ब्रेक लावल्यावर मोटारीची सर्व गतिज ऊर्जा घर्षणातून उष्णता होऊन नष्ट होते.

हायब्रीड मोटार याच तीन ठिकाणी बचत करते. मोटार थांबताच इंजिन बंद पडते. संथ गतीत, बॅटरीत पुरेशी ऊर्जा असल्यास, केवळ विद्युत मोटरवर प्रवास होतो. ब्रेक लावताना हीच विद्युत मोटर जनित्र बनते आणि चाकांच्या गतीपासून वीज निर्माण करून ती बॅटरीत साठवते. याला पुनर्जनित ब्रेक प्रणाली म्हणतात. शिवाय जोर लावण्याच्या वेळी विद्युत मोटरचे साहाय्य मिळत असल्याने तुलनेने लहान, तसेच अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालणारे अधिक कार्यक्षम इंजिन वापरणे शक्य होते.

येथे एक मूलभूत बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रीड मोटारीत बॅटरी हा ऊर्जेचा उगम नसून केवळ साठा असतो. तिच्यातील सर्व ऊर्जा अंतिमतः पेट्रोलमधूनच आलेली असते. त्यामुळे अशी मोटार इंधनाची बचत करते, इंधनापासून मुक्ती देत नाही.

या साठ्याला मर्यादाही असतात. उदाहरणार्थ, १,५०० किलो वजनाची मोटार बोरघाटासारखा सुमारे ५०० मीटरचा उतार उतरते तेव्हा तिच्या स्थितिज ऊर्जेत सुमारे २ युनिट विजेइतकी घट होते. दुसऱ्या पिढीतील टोयोटा प्रियसच्या बॅटरीची एकूण क्षमता सुमारे १.३ युनिट होती आणि बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून तिचा काही भागच नित्य वापरात आणला जात असे. हवेचा व चाकांचा विरोध वजा केला तरी घाट संपण्यापूर्वीच अशी बॅटरी भरून जाणे शक्य असते आणि उरलेली ऊर्जा नेहमीप्रमाणे वाया जाते. याउलट शहरातील थांबत-चालत होणाऱ्या प्रवासात थोडी थोडी ऊर्जा वारंवार साठते आणि वारंवार वापरली जाते. हायब्रीड मोटारीचे खरे क्षेत्र शहर हेच आहे, ते या कारणाने.

३. हायब्रीड मोटारींचे प्रकार

‘हायब्रीड’ या एकाच नावाखाली बाजारात परस्परांहून भिन्न अशा मोटारी विकल्या जातात. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

(अ) सौम्य हायब्रीड : यात लहान विद्युत मोटर इंजिनाला केवळ साहाय्य करते. सामान्यतः केवळ विजेवर मोटार चालू शकत नाही. इंधनाची बचत मर्यादित असते.

(आ) पूर्ण किंवा स्ट्राँग हायब्रीड : यात विद्युत मोटर काही अंतर स्वतंत्रपणे मोटार चालवू शकते. टोयोटा प्रियस हे या प्रकाराचे प्रातिनिधिक उदाहरण होय.

(इ) प्लग-इन हायब्रीड : यात मोठी बॅटरी असून ती घरच्या किंवा चार्जिंग केंद्रावरील विजेने भारित करता येते. काही दहा किलोमीटरचा प्रवास केवळ विजेवर होऊ शकतो.

रचनेच्या दृष्टीनेही भेद आहेत. भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनात डिझेलवर जनित्र फिरते आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटर चाकांना गती देतात. याला एकसर रचना म्हणता येईल, मात्र त्यात ऊर्जा साठवणारी बॅटरी नसते. मोटारींमध्ये एकसर, समांतर आणि दोहोंचा संयोग असलेली अशा तिन्ही रचना आढळतात. प्रियसमध्ये ग्रहमालेसारख्या दंतचक्रांच्या साहाय्याने इंजिनाची शक्ती चाके आणि जनित्र यांच्यात विभागली जाते.

हा वर्गभेद केवळ तांत्रिक नाही. युरोपीय संघात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ३०.९ टक्के मोटारी हायब्रीड होत्या, तर केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींचे प्रमाण १३.६ टक्के होते. परंतु ३०.९ टक्के या आकड्यात सौम्य हायब्रीड मोटारीही समाविष्ट आहेत. लोकप्रियतेचे आकडे वाचताना त्यामागील व्याख्या तपासणे म्हणूनच गरजेचे ठरते.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी व लोकप्रियतेची कारणे

हायब्रीड मोटारीची कल्पना नवी नाही. फर्डिनंड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथील लोनर कंपनीसाठी पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांचा संयोग असलेले वाहन तयार केले होते. मात्र पेट्रोल इंजिनात झालेल्या सुधारणा, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे घटलेल्या किमती आणि स्वस्त तेल यांमुळे ही कल्पना मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन बचतीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

१९९३ मध्ये अमेरिकेत बिल क्लिंटन यांच्या शासनाने तीन मोठ्या अमेरिकी मोटार उत्पादकांच्या सहकार्याने एका गॅलनमध्ये ८० मैल जाणारी कौटुंबिक मोटार विकसित करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी जपानमध्ये टोयोटा कंपनीने एकविसाव्या शतकाच्या मोटारीचा प्रकल्प सुरू केला. अमेरिकी कार्यक्रमातून २००० पर्यंत प्रायोगिक नमुने तयार झाले. परंतु त्यांपैकी एकही मोटार विक्रीस आली नाही आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद करण्यात आला. टोयोटाने मात्र ताकेशी उचियामादा यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस जपानच्या बाजारात आणली. अमेरिकेत पहिली आधुनिक हायब्रीड मोटार म्हणून होंडाची इन्साइट १९९९ च्या अखेरीस आली आणि प्रियस तेथे २००० मध्ये पोहोचली.

यानंतरचा प्रसार लक्षणीय आहे. टोयोटाच्या हायब्रीड मोटारींची एकूण जागतिक विक्री मे २००७ मध्ये १० लाखांवर गेली आणि जानेवारी २०१७ अखेर ती १ कोटीवर पोहोचली. २००९ मध्ये प्रियस ही जपानमधील सर्वाधिक खपाची मोटार ठरली. या लोकप्रियतेची प्रमुख कारणे चार दिसतात.

पहिले कारण इंधनाचे दर. अमेरिकेत २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला ४ डॉलरच्या वर गेला. इंधन महागले की हायब्रीड मोटारींची मागणी वाढते, हे सूत्र वारंवार प्रत्ययास आले आहे. दुसरे कारण शासकीय प्रोत्साहन. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यान्वये हायब्रीड मोटारीच्या खरेदीवर कमाल ३,४०० डॉलरपर्यंत करसवलत मिळू लागली. कॅलिफोर्नियात अशा मोटारींना, चालक एकटा असला तरी, अधिक प्रवासी असलेल्या वाहनांसाठी राखीव मार्गिकेतून जाण्याची मुभा देणारी ८५,००० परवाना-चिन्हे वितरित करण्यात आली. ही सवलत जुलै २०११ मध्ये संपली. तिसरे कारण सोय. बाहेरून चार्जिंग करावे लागत नसल्याने ग्राहकाला आपल्या सवयी बदलाव्या लागत नाहीत.

चौथे कारण सामाजिक स्वरूपाचे आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये ‘दिखाऊ उपभोग’ ही संकल्पना मांडली होती. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन सेक्स्टन आणि अ‍ॅलिसन सेक्स्टन यांनी कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांतील प्रियसच्या मालकीचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ‘दिखाऊ पर्यावरणनिष्ठा’ असे सूत्र मांडले. प्रियसचा आकार इतर मोटारींहून वेगळा असल्याने ती दुरूनही ओळखू येते आणि मालकाची पर्यावरणनिष्ठा जगाला दिसते. या ‘दिसण्याला’ देखील काही ग्राहक पैसे मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ ग्राहक जेव्हा जादा किंमत देतो तेव्हा तो केवळ इंधन बचतीचा हिशेब करत असतो असे नाही.

५. ग्राहकाच्या दृष्टीने मूल्य

हायब्रीड मोटारीवरील सर्वांत जुना आक्षेप किमतीचा आहे. दोन शक्तिस्रोत, बॅटरी आणि नियंत्रण प्रणाली यांमुळे तिची किंमत तुल्यबळ पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक असते. ही जादा रक्कम इंधन बचतीतून किती वर्षांत भरून निघते, याला परतफेड कालावधी म्हणतात.

हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, पेट्रोल मोटार प्रत्यक्ष वापरात लिटरमागे १५ किलोमीटर आणि हायब्रीड मोटार २२ किलोमीटर जाते. दोहोंच्या किमतीत २ लाख ५० हजार रुपयांचा फरक आहे आणि पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास करणाऱ्या प्राध्यापक किंवा नोकरदार कुटुंबाला पेट्रोल मोटारीत ८०० लिटर, तर हायब्रीड मोटारीत सुमारे ५४५ लिटर इंधन लागेल. वार्षिक बचत सुमारे २५५ लिटर, म्हणजे जवळपास २६,७०० रुपये होते. या वेगाने जादा किंमत भरून निघण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. त्याच मोटारी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालल्या तर बचत सुमारे ६६,८०० रुपयांवर जाते आणि परतफेड पावणेचार वर्षांत होते.

मोटार तीच, किंमत तीच आणि इंधनाचा दरही तोच; तरीही एका ग्राहकासाठी ती तोट्याची, तर दुसऱ्यासाठी फायद्याची ठरते. यावरून हायब्रीड मोटार ‘परवडते की नाही’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, हे स्पष्ट होते. टॅक्सी, कंपन्यांची प्रवासी वाहने आणि शहरात दिवसभर फिरणारी वाहने यांच्यासाठी तिचे मूल्य सर्वाधिक असते. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये शहरातील सर्व, म्हणजे सुमारे १३,००० टॅक्सी २०१२ पर्यंत हायब्रीड करण्याची योजना जाहीर केली, तिच्यामागे हाच विचार होता. मात्र इंधन कार्यक्षमतेचे मानक ठरवण्याचा अधिकार संघराज्य शासनाचा असल्याच्या मुद्द्यावर ही सक्ती न्यायालयात टिकली नाही.

दुसरा आक्षेप बॅटरीच्या आयुष्याचा आहे. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागल्यास सर्व बचत धुऊन निघेल, अशी भीती सुरुवातीपासून व्यक्त होत होती. या संदर्भात अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०११ मध्ये घेतलेली चाचणी उल्लेखनीय आहे. २,०६,००० मैल चाललेल्या २००२ सालच्या प्रियसची तुलना दहा वर्षांपूर्वी याच संस्थेने तपासलेल्या जवळपास नव्या प्रियसशी करण्यात आली. जुन्या मोटारीचे मायलेज गॅलनला ४०.४ मैल, तर नव्या मोटारीचे ४०.६ मैल भरले. एका मोटारीवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही हे खरे. तथापि बॅटरी अल्पायुषीच असते हा समज निराधार असल्याचे त्यातून दिसून आले.

६. मायलेजचे आकडे आणि त्यांचा अर्थ

सामान्य ग्राहक ज्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो ते मायलेज हे हायब्रीड मोटारीच्या विक्रीचे मुख्य साधन आहे. परंतु प्रमाणित मायलेज आणि प्रत्यक्ष मायलेज यांत अंतर असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ च्या मॉडेल वर्षापासून चाचणीची पद्धत बदलून त्यात अधिक वेग, वातानुकूलन व थंड हवामान यांचा विचार समाविष्ट केला. परिणामी दुसऱ्या पिढीच्या प्रियसचे एकत्रित मायलेज गॅलनला ५५ मैलांवरून ४६ मैलांवर आले. मोटारीत काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती केवळ मोजपट्टी. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे मायलेजचे आकडेही प्रयोगशाळेतील ठरावीक चक्रावर आधारित असतात आणि त्या चक्रातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. द्रुतगती मार्गावरील प्रवासाशी त्याची तुलना करणे योग्य ठरत नाही.

दुसरी अडचण गणिती स्वरूपाची आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मायलेजच्या आकड्यांमुळे होणारा भ्रम दाखवून दिला. भारतीय परिमाणात तो असा मांडता येईल. एका ग्राहकाने लिटरला १० किलोमीटर जाणारी मोटार सोडून १५ किलोमीटर जाणारी घेतली. दुसऱ्याने २० किलोमीटर जाणारी सोडून ३० किलोमीटर जाणारी घेतली. वरवर पाहता दुसऱ्याची सुधारणा मोठी वाटते. परंतु १०,००० किलोमीटरच्या प्रवासात पहिल्याचे इंधन १,००० लिटरवरून ६६७ लिटरवर येते, म्हणजे ३३३ लिटर वाचतात. दुसऱ्याचे ५०० वरून ३३३ वर येते आणि केवळ १६७ लिटर वाचतात. पहिल्याची बचत दुसऱ्याच्या दुप्पट आहे. आधीच कमी इंधन पिणारी लहान मोटार हायब्रीड करण्यापेक्षा जड आणि अधिक इंधन पिणारी मोटार हायब्रीड केल्यास देशाचे अधिक तेल वाचते, हा यातील निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटला तरी गणिताने सिद्ध होतो.

७. पर्यावरणाच्या दृष्टीने मूल्य

अमेरिकेतील सीएनडब्ल्यू मार्केटिंग रिसर्च या संस्थेचा ‘डस्ट टू डस्ट’ हा अहवाल २००७ मध्ये बराच गाजला. निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा ऊर्जाव्यय पाहता प्रियसपेक्षा हमर ही अवजड मोटार अधिक किफायतशीर आहे, असा निष्कर्ष त्यातून प्रसृत झाला. या अहवालात प्रियसचे आयुष्य १,०९,००० मैल, तर हमर एच-१ चे ३,७९,००० मैल गृहीत धरले होते. आयुष्य कमी धरले की निर्मितीचा भार प्रत्येक मैलावर अधिक पडतो. पॅसिफिक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने त्याच वर्षी या गृहीतकांतील दोष दाखवून दिले. सामान्यतः पेट्रोल मोटारीच्या एकूण आयुष्यातील ऊर्जाव्ययाचा मोठा वाटा तिच्या निर्मितीत नव्हे, तर वापरातील इंधनात असतो, असे जीवनचक्र विश्लेषणाचे अभ्यास सांगतात.

आजचा वाद मात्र हायब्रीड आणि पेट्रोल यांच्यात नसून हायब्रीड आणि पूर्ण विद्युत मोटार यांच्यात आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला २२ किलोमीटर जाणाऱ्या हायब्रीड मोटारीचे धुराड्यातून होणारे उत्सर्जन किलोमीटरला सुमारे १०५ ग्रॅम येते. भारतात विजेचा मोठा हिस्सा कोळशापासून तयार होतो आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन होते. किलोमीटरला ०.१५ युनिट वीज वापरणाऱ्या विद्युत मोटारीचे उत्सर्जनही याच हिशेबाने सुमारे १०५ ग्रॅम येते. पेट्रोल शुद्धीकरण व वाहतूक आणि विजेच्या वहनातील गळती हे दोन्ही घटक मिळवल्यास दोन्ही आकडे वाढतात. म्हणजे सद्यःस्थितीत वापरातील उत्सर्जनाच्या बाबतीत दोहोंत फार मोठे अंतर उरत नाही.

अभ्यासकांचे निष्कर्ष भिन्न असण्याचे कारण यात आहे. २०२३ मध्ये आयआयटी कानपूर येथील एका अभ्यासाचा कल हायब्रीडला अनुकूल होता. तर स्वच्छ वाहतुकीविषयी संशोधन करणाऱ्या ‘आयसीसीटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये, भारतात विद्युत मोटारीचे जीवनचक्रातील उत्सर्जन पेट्रोल मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी राहील असे म्हटले. मोटारीचे आयुष्य, बॅटरीनिर्मितीचा भार आणि विशेषतः भविष्यातील विजेचे स्वरूप यांविषयीची गृहीतके बदलली की निष्कर्ष बदलतो.

या ठिकाणी एक भेद निर्णायक महत्त्वाचा आहे. हायब्रीड मोटारीचे किलोमीटरमागील उत्सर्जन खरेदीच्या दिवशीच जवळपास निश्चित होते. विद्युत मोटारीचे उत्सर्जन मात्र वीजनिर्मितीत सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसे मोटार जुनी होत असतानाही कमी होत जाते. शिवाय शहरातील रस्त्यावरील धूर विद्युत मोटार टाळते, हायब्रीड केवळ कमी करते. दुसऱ्या बाजूने, हायब्रीड मोटारीला लहान बॅटरी पुरते. त्यामुळे दुर्मिळ खनिजांचा वापर कमी होतो आणि चार्जिंग केंद्रांची वाट पाहावी लागत नाही.

प्लग-इन हायब्रीडच्या बाबतीत तर वापरकर्त्याची सवय हीच कसोटी ठरते. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या अशा मोटारींचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी ३.५ पट आढळले. मालक त्या अपेक्षेइतक्या चार्ज करीत नव्हते आणि विजेवर चालवीतही नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण होते.

याखेरीज ‘कोणत्या वाहनाच्या जागी’ हा प्रश्न उरतोच. लिटरला १० किलोमीटर जाणाऱ्या मोटारीची जागा हायब्रीडने घेतली तर लाभ होतो. दुचाकीची, बसची किंवा मुंबईच्या लोकल प्रवासाची जागा तिने घेतली तर तेलाचा वापर वाढतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात, इंधनाचा वापर कार्यक्षम झाल्याने त्याचा एकूण खप घटेलच असे नाही, असे निदर्शनास आणले होते. प्रवास स्वस्त झाल्याने तो वाढण्याची शक्यता हायब्रीड मोटारीच्या बाबतीतही दुर्लक्षून चालणार नाही.

८. भारतातील स्थिती आणि सार्वजनिक धोरण

भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रीड ही मोटार आयात करून विक्रीस आणली. सुमारे साडेएकवीस लाख रुपये किमतीमुळे तिला अल्प प्रतिसाद मिळाला. २०१० मध्ये प्रियस आली. तीही मोजक्या ग्राहकांपुरती मर्यादित राहिली. त्याच वर्षी पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने ‘रिव्होलो’ हे, वापरातील मोटारीला प्लग-इन हायब्रीड बनवणारे साधन जाहीर केले होते. २०१३ पासून कॅमरी हायब्रीडची जुळणी कर्नाटकातील बिदडी येथे होऊ लागली. तथापि मध्यमवर्गीय ग्राहकाच्या विचारकक्षेत हायब्रीड मोटार खऱ्या अर्थाने आली ती २०२२ मध्ये, जेव्हा होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांची स्ट्राँग हायब्रीड रूपे बाजारात आली.

शासकीय धोरणात मात्र सातत्य आढळत नाही. १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या ‘फेम’ योजनेत हायब्रीड मोटारींना अनुदान होते आणि त्याचा लाभ सौम्य हायब्रीड मोटारींनाही मिळत होता. एप्रिल २०१७ पासून त्या वगळण्यात आल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मोठ्या हायब्रीड मोटारींवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर असा ४३ टक्के भार आला. विद्युत मोटारींवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के करण्यात आला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने स्ट्राँग हायब्रीड व प्लग-इन हायब्रीड मोटारींचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा विद्युत मोटारींमध्ये गुंतवणूक करणाऱ्या उत्पादकांच्या गोटातून आक्षेप घेतला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कररचनेनुसार ठरावीक लांबीच्या व इंजिन क्षमतेच्या लहान हायब्रीड मोटारींवर १८ टक्के, तर इतरांवर ४० टक्के कर लागू झाला.

या घडामोडींतून दोन दृष्टिकोन पुढे येतात. हायब्रीडच्या समर्थकांच्या मते वीज कोळशावर तयार होत असताना आणि चार्जिंग केंद्रे अपुरी असताना हायब्रीड हा व्यवहार्य मधला मार्ग आहे. त्यामुळे तिच्यावर सामान्य पेट्रोल मोटारीइतकाच कर लावणे अन्याय्य ठरते. विरोधकांच्या मते सार्वजनिक पैसा मर्यादित असल्याने तो अंतिम उद्दिष्टाकडे नेणाऱ्या तंत्रज्ञानावरच खर्च व्हावा. मधल्या मार्गाला प्रोत्साहन दिल्यास परिवर्तन लांबते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही बाजू ‘हायब्रीड’ या नावावर भांडतात. प्रत्यक्षात वाचणाऱ्या इंधनावर नव्हे. आधी केलेल्या हिशेबाप्रमाणे वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी हायब्रीड मोटार सुमारे ५९० किलो कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टाळते, तर ३०,००० किलोमीटर चालणारी मोटार सुमारे १,४६० किलो टाळते. दोघांना सारखीच सवलत देणारे धोरण सार्वजनिक पैशाचा विनियोग कार्यक्षमतेने करते असे म्हणता येणार नाही. महिन्यातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या महागड्या मोटारीला मिळालेली करमाफी ही अंतिमतः बसने प्रवास करणाऱ्या करदात्याच्या खिशातून जाते, ही बाबही विसरता येत नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. हायब्रीड मोटार ही इंधन बचतीचे साधन आहे, इंधनमुक्तीचे नव्हे. तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा केल्यास निराशा आणि कमी लेखल्यास अन्याय होतो.

२. ग्राहकासाठी तिचे मूल्य वार्षिक प्रवास, शहरी वापराचे प्रमाण आणि इंधनाचा दर यांवर ठरते. कमी प्रवास करणाऱ्या कुटुंबाला ती आर्थिकदृष्ट्या लाभदायक ठरेलच असे नाही.

३. सौम्य, स्ट्राँग आणि प्लग-इन या प्रकारांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. प्रसिद्ध होणारे विक्रीचे व मायलेजचे आकडे व्याख्या आणि चाचणीपद्धती तपासूनच स्वीकारावेत.

४. भारतातील सद्यःस्थितीत वापरातील उत्सर्जनाच्या दृष्टीने हायब्रीड व विद्युत मोटार यांत मोठी तफावत नसली तरी वीजनिर्मिती स्वच्छ होत जाईल तशी ती विद्युत मोटारीच्या बाजूने वाढत जाईल. हायब्रीडचे महत्त्व म्हणूनच संक्रमणकाळापुरते आहे. मात्र हा संक्रमणकाळ लहान असेल असे गृहीत धरता येत नाही.

५. सवलत मोटारीच्या नावाऐवजी वाचवलेल्या इंधनाशी जोडली गेल्यास टॅक्सी व व्यावसायिक प्रवासी वाहनांना प्राधान्य मिळेल आणि कमी खर्चात अधिक तेल वाचेल.

हायब्रीड मोटार चांगली की वाईट, या प्रश्नात मुळातच एक उणीव आहे. वाहनाचे मूल्य ते दालनात उभे असताना ठरत नाही. ते रस्त्यावर, चालकाच्या सवयीत आणि त्याने सोडून दिलेल्या पर्यायात ठरते. ग्राहक, अभ्यासक आणि धोरणकर्ते यांनी हा प्रश्न या रीतीने विचारला, तर आज निष्फळ वाटणारा हा वाद निश्चितच फलदायी होऊ शकेल.